अठ्ठाविसाव्या वर्षी शिकाऊ व्हावं का?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. नाव, संस्था आणि ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा सारांश देते. वय २८, वाणिज्य शाखेची पदवी, एका मोठ्या कार्यालयीन इमारतीत पाच वर्षं रिसेप्शनवर नोकरी. पाहुण्यांची नोंद, मीटिंग रूमचं बुकिंग, किल्ल्या, व्हेंडरचे पास, नळ गळला किंवा दिवा गेला की मेंटेनन्सला फोन, अशी 'किरकोळ कामं' त्या करतात. त्या इमारतीची फॅसिलिटी, म्हणजे वीज, पाणी, एसी, सफाई, सुरक्षा अशा सगळ्या सोयी, सांभाळणाऱ्या कंपनीने त्यांना १८ महिन्यांची अप्रेंटिसशिप देऊ केली आहे. काम करता करता शिकायचं, आठवड्यातला एक दिवस अभ्यासाला, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. पहिल्या वर्षी हातात येणारी रक्कम आजच्या पगारापेक्षा थोडी कमी असेल. त्यांना तीन गोष्टी खात आहेत. सोबतचे उमेदवार नुकतेच शिक्षण संपवून आलेले असतील, त्यांच्यात बसून शिकाऊ म्हणवून घेणं म्हणजे पाच वर्षं मागे जाणं नाही का? शाळेनंतर विज्ञानाशी संबंध आला नाही, मग मोटारी, पंप, पॅनल हे जमेल का? आणि घरच्यांचं म्हणणं असं, की 'बिल्डिंगची कामं' शिकण्यापेक्षा नोकरी सोडून पूर्णवेळ व्यवस्थापनाची पदवी घे. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता एक प्रसंग सांगितला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये फार थंडी वाजते अशी तक्रार वारंवार यायची. टेक्निशियन येऊन तापमान वाढवून जायचा, दोन दिवसांनी पुन्हा तक्रार. त्यांच्या लक्षात आलं, की मोठं कॉपियर मशीन त्या खोलीत हलवल्यापासून हे सुरू झालं. त्यांनी टेक्निशियनला सांगितलं, मशीन सरकवलं, तक्रार थांबली.

तुमच्या पत्रातला हा शेवटचा प्रसंग मी सगळ्यात आधी घेणार आहे, कारण तुम्ही तो सगळ्यात कमी महत्त्वाचा समजून लिहिला आहे.

तिथे काय घडत होतं ते नीट पाहू. कॉपियर चालू असताना गरम हवा सोडतं. त्याच्या वरच भिंतीवर थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान मोजून एसी कमी-जास्त करणारा सेन्सर. खोली तापली आहे असं त्या सेन्सरला वाटत राहिलं आणि यंत्रणा थंड हवा सोडत राहिली. टेक्निशियनने प्रत्येक वेळी तक्रार 'सोडवली', लॉगबुकमध्ये सही केली, काम बंद झालं. त्याची चूक म्हणता येणार नाही, त्याच्या हातात त्या क्षणाची एक चिठ्ठी होती. तक्रार नेमकी कधीपासून येते, कुठून येते, त्याआधी काय बदललं, हे तुम्हाला दिसत होतं, कारण बुकिंगही तुमच्याकडे, तक्रारीही तुमच्याकडे आणि मशीन हलवणाऱ्यांचे पासही तुमच्याकडे. सुट्या दिसणाऱ्या तीन गोष्टी तुम्ही जोडल्या. फॅसिलिटी मॅनेजरचा पगार ज्या कामासाठी असतो ते हेच काम आहे, आणि ते तुम्ही कोणी न सांगता केलंत.

म्हणून 'मला तांत्रिक काही येत नाही' हे तुमचं वाक्य मी जसंच्या तसं मान्य करणार नाही. या क्षेत्रातली एक मोठी संघटना, इंटरनॅशनल फॅसिलिटी मॅनेजमेंट असोसिएशन, १९८० साली अमेरिकेत सुरू झाली. या व्यवसायात लागणाऱ्या क्षमतांचे तिने ११ गट केले आहेत. त्यात यंत्रणा चालवणं आणि त्यांची देखभाल हा एक गट. बाकीच्यांत संवाद आहे, पैशाचं व्यवस्थापन आहे, जोखीम, प्रकल्प, जागांचे व्यवहार, पर्यावरण, माहिती आणि तंत्रज्ञान, नेतृत्व, कामाचा दर्जा, आणि इमारतीत वावरणाऱ्या माणसांच्या गरजा. पंपाचं बेअरिंग बदलता येणं हे कसबी माणसाचं काम आहे आणि त्याला मान आहे. मॅनेजरला कळायला हवं ते असं : हा पंप बंद पडला तर काय काय थांबेल, दुसरा पंप आहे का, शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, दुरुस्त करायचा की बदलायचा, आणि हे सगळं कुणाला कधी कळवायचं.

एक उदाहरण देते, म्हणजे तुमचं रिसेप्शनचं ज्ञान आणि हे 'तांत्रिक' ज्ञान किती जवळ आहेत ते दिसेल. १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर काही दिवसांतच तिथे आलेल्यांपैकी अनेकांना न्यूमोनियासारखा आजार झाला आणि कित्येकजण दगावले. जबाबदार जिवाणू पुढच्या जानेवारीत सापडला, त्याला लिजिओनेला म्हणतात. संशय गेला तो हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरवर, म्हणजे यंत्रणेतलं गरम झालेलं पाणी हवेत तुषार उडवून थंड करणाऱ्या भागावर. हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या, साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे आत गेले की आजार होतो. म्हणून गरम पाण्याची टाकी ६० अंशांच्या आसपास ठेवतात, थंड पाणी २० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करतात आणि जे नळ, शॉवर वापरात नाहीत ते आठवड्यातून एकदा काही मिनिटं सोडून ठेवतात. आता विचार करा : कुठला मजला तीन आठवडे रिकामा आहे, कुठलं गेस्ट बाथरूम कुणी उघडलंच नाही, हे प्लंबरला कसं कळणार? बुकिंग ज्याच्यासमोर उघडं असतं त्याला ते कळतं. पाण्याचं शास्त्र तुम्ही दोन दिवसांत समजून घ्याल. इमारत कोण, कधी, कशी वापरतं ही समज यायला पाच वर्षं लागली आहेत, आणि ती तुमच्याकडे आहे.

अर्थात, मूलभूत तांत्रिक गोष्टी मन लावून शिकाव्या लागतील, त्यात सूट नाही. विजेचा सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे इमारतीत वीज कुठून कुठे जाते याचा साधा नकाशा, वाचता यायला हवा. जनरेटर, यूपीएस आणि मुख्य पुरवठा यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, एएचयूचा (थंड हवा खोल्यांकडे ढकलणाऱ्या यंत्राचा) फिल्टर तुंबला की काय होतं, फायर पंप ऑटो मोडवर आहे की कुणी तो मॅन्युअलवर ठेवून गेलं आहे, हे पाहताक्षणी कळायला हवं. दुरुस्तीआधी पुरवठा तोडून कुलूप आणि टॅग लावण्याची पद्धत, वेल्डिंगसारख्या कामाआधीचं परमिट, उंचीवरच्या कामाचे नियम, यांवर माणसांचे जीव अवलंबून असतात. हे पुस्तकात चार पानांत येतं. पण परमिटवर सही मागणाऱ्या, घाईत असलेल्या कंत्राटदाराला 'आधी ते सिलिंडर बांधा, मग सही' असं शांतपणे सांगता येणं हे प्रत्यक्ष उभं राहूनच येतं, आणि अप्रेंटिसशिपची बाजू मी घेते ती यासाठी.

आता 'मागे जाणं'. तुमची ही भीती खरी आहे, पण ती चुकीच्या जागी रोखली गेली आहे असं मला वाटतं. ओळखपत्रावर 'शिकाऊ' लिहिलं असणं याने १८ महिन्यांनंतर कुणालाही फरक पडत नाही. ज्या गोष्टीची काळजी करायला हवी ती अशी : तुम्हाला रिसेप्शन उत्तम येतं. नवीन मुलगी सुट्टीवर गेली, कुणी सोडून गेलं, मोठे पाहुणे येणार असले, की 'दोन दिवस जरा बसशील का तिथे?' अशी विचारणा होईल. तुम्ही हो म्हणाल, कारण तुम्ही मदत करणाऱ्या आहात. दोन दिवसांचे दोन आठवडे होतील, अभ्यासाचा दिवस त्यातच जाईल, आणि वर्षाअखेरीस तुम्ही कमी पैशांत तेच जुनं काम करत असाल, फक्त नाव नवं. संस्थेच्या आतून अप्रेंटिस झालेल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान याने होतं, आणि त्यात कुणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही. गरज असते आणि ओळखीचं माणूस समोर असतं, एवढं पुरतं.

तेव्हा ही संधी चांगली की वाईट, हे पदनामावरून ठरवू नका. तुम्हाला काय काय पाहायला मिळणार आहे ते लिहून मागा. चांगल्या अप्रेंटिसशिपमध्ये फिरती असते : काही आठवडे हेल्पडेस्कवर, काही इलेक्ट्रिकल आणि एचव्हीएसीच्या (एसी आणि हवा खेळती ठेवण्याच्या) टीमबरोबर, काही हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीच्या सुपरवायझरबरोबर, मग अग्निसुरक्षा, मग कंत्राटं आणि बिलं. कुठल्या महिन्यात तुम्ही कुठे असाल याचा कागद त्यांच्याकडे तयार असायला हवा. नसेल तर विचारल्यावर आठवड्याभरात तरी तयार व्हायला हवा. मार्गदर्शक कोण, हे नावानिशी कळू द्या, आणि तो माणूस महिन्यातून किमान दोनदा तुमच्यासोबत बसेल हेही. 'आम्ही सगळेच आहोत ना' या उत्तराचा अर्थ कुणीच नाही असा धरा. अभ्यासाचा दिवस त्यांनी तुम्हाला तोंडी सांगितला आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तो करारात यायला हवा, कामाच्या तासांत धरलेला आणि पगारी. रिसेप्शनवर बदली म्हणून बसवायचं झालं तर महिन्याला जास्तीत जास्त किती दिवस, हेही तिथेच येऊ द्या. ही मागणी करताना संकोच वाटेल. करा तरीही. ज्यांना खरंच शिकवायचं आहे त्यांना ही वाक्यं लिहायला त्रास होत नाही.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या. प्रमाणपत्र कोण देणार? फक्त कंपनीचं असेल तर ते कंपनीच्या दाराबाहेर फारसं चालत नाही. सरकारमान्य किंवा व्यावसायिक संघटनेने मानलेलं असेल तर ते तुमच्यासोबत कुठेही येतं. आणि पाच वर्षांच्या नोकरीचं काय? सेवा सलग धरणार की राजीनामा देऊन नव्याने सुरुवात, रजा, विमा, निवृत्तीचे लाभ यांवर त्याचा काय परिणाम, अठरा महिन्यांनंतर पद देणार की 'जागा असेल तर बघू'? अप्रेंटिसचे हक्क प्रत्येक ठिकाणच्या कायद्याप्रमाणे वेगळे असतात आणि काही ठिकाणी ते नियमित कर्मचाऱ्यापेक्षा कमी असतात, म्हणून करार सही करण्याआधी कायद्याची माहिती असलेल्या कुणाला तरी एकदा दाखवा.

पैशाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी जाणार नाही. 'थोडा कमी' म्हणजे किती, हे घरखर्चाच्या कागदावर मांडा. कर्जाचा हप्ता, घरातल्या कुणाचं औषधपाणी अशा हलवता न येणाऱ्या गोष्टी आधी लिहा. सहा महिन्यांनी ओढाताण होऊन तुम्हाला मध्येच सोडावं लागणार असेल, तर एक वर्ष थांबून, बचत करून मग जाणं हा कमीपणा नाही. शिफ्टचाही विचार आत्ताच करा. इमारती रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही बिघडतात. वीज किंवा यंत्रणा बंद ठेवून करायची शटडाउनची मोठी कामं मुद्दाम सुट्टीत काढतात, कारण तेव्हा माणसं नसतात. ऑन-कॉल असताना पहाटे तीनला फोन येतो आणि तळघरात पाणी शिरलेलं असतं. काहींना यात उत्साह वाटतो, काहींना महिन्याभरात वीट येतो. तुमचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

पदवीविषयी. घरच्यांचा आग्रह प्रेमापोटीच आहे आणि त्यात तथ्यही आहे. पुढे मोठ्या जबाबदारीकडे जाताना हिशेब, करारांचा कायदा, माणसांचं व्यवस्थापन हे पद्धतशीर शिकलेलं उपयोगी पडतं. मात्र मला त्यांचा क्रम पटत नाही. जिने एकाही कंत्राटाचं बिल तपासलेलं नाही तिला सेवाकरारातल्या दंडाच्या कलमावरचं व्याख्यान कोरडं वाटणार. जिने हाउसकीपिंगच्या कंत्राटात 'काचा स्वच्छ ठेवणे' एवढंच लिहिलेलं पाहिलं आहे, आतून की बाहेरून, किती दिवसांनी, उंचावरच्या काचांचं काय, यावरून झालेलं भांडण ऐकलं आहे, तिला तेच व्याख्यान एका बैठकीत कळतं. आधी इमारत, मग पदवी, तीही जमल्यास अर्धवेळ. घरी बोलताना त्यांना हेही सांगता येईल, की २०१८ सालापासून या कामाच्या व्यवस्थापनासाठी आयएसओ ४१००१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, जसं गुणवत्तेसाठी किंवा पर्यावरणासाठी आहे. दोन-तीन वर्षांत बांधलेली इमारत पुढे कित्येक दशकं चालवावी लागते, आणि ती नीट चालवणारी माणसं शोधूनही सहज मिळत नाहीत.

कंपनीची उत्तरं समाधानकारक नसतील तर काय? तर नकार द्या आणि आहात तिथून शिका. व्यावसायिक संघटनांचे सुरुवातीच्या पातळीवरचे अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतात. आजच्या हुद्द्यावरही मेंटेनन्सच्या तक्रारींची वर्गवारी करून महिन्याचा अहवाल देण्याची जबाबदारी मागून घेता येते. हा रस्ता लांबचा आहे, पण नावापुरत्या अप्रेंटिसशिपपेक्षा नक्की बरा.

आणि उत्तरं चांगली आली, तुम्ही गेलात, तर पहिल्या महिन्यात सगळ्या इमारतीत पायी फिरा. हातात मालमत्तेची यादी घेऊन प्रत्येक पंप, प्रत्येक पॅनल, प्रत्येक एएचयू प्रत्यक्ष पाहा, नंबर जुळवा. यादीत असलेलं यंत्र जागेवर नाही आणि जागेवर असलेलं यादीत नाही, असं हमखास सापडतं, आणि ती दुरुस्त केलेली यादी हे तुमचं पहिलं दिसण्याजोगं काम ठरेल. फायर डोअर बघा. ते ३० किंवा ६० मिनिटं आग आणि धूर अडवायला बसवलेले असतात, आणि येण्याजाण्याच्या सोयीसाठी कुणीतरी खुर्ची लावून उघडे ठेवलेले असतात. खुर्ची काढून टाकणं सोपं आहे. ती तिथे का लागते ते शोधा. ट्रॉली ढकलताना दार जड जातं का, रोजची वाटच तिथून आहे का? मग दार उघडं धरून ठेवणारं, पण फायर अलार्म वाजताच आपोआप सुटणारं होल्डर बसवण्याचा प्रस्ताव लिहा. असा एक प्रस्ताव तक्रारीपासून कोटेशन, मंजुरी, काम, तपासणी आणि बिलापर्यंत स्वतः नेलात, तर या व्यवसायाचा कणा तुम्हाला कळला.

रात्रपाळीच्या टेक्निशियनसोबत काही रात्री बसा. लिफ्टचा मेकॅनिक सर्व्हिसिंगला आला की त्याच्या सोबत राहा, प्रश्न विचारा. आपल्या कामात कुणी रस घेतला की ही माणसं भरभरून सांगतात. हाउसकीपिंगच्या सुपरवायझरबाई सगळ्यांत आधी छतावरचा ओलसर डाग पाहतात, कारण त्या रोज प्रत्येक खोलीत जातात. त्यांच्याशी तुमची ओळख आधीपासून असेल, ती जपा. विजेची महिन्याची बिलं मागून घ्या आणि कुठल्या महिन्यात वापर का वाढला हे स्वतः शोधा. जे पाहाल ते तारखेसह लिहून ठेवा : काय अडलं, मला काय वाटलं, निघालं काय. बहुतेक अप्रेंटिसशिपमध्ये शेवटी कामाचे पुरावे मागतात, आणि शेवटच्या महिन्यात आठवून लिहिलेले पुरावे लगेच ओळखू येतात.

सोबतची मुलं वयाने लहान असतील. ती ॲप्स आणि बीएमएसच्या (इमारतीतल्या यंत्रणा संगणकावरून पाहण्या-चालवण्याच्या प्रणालीच्या) स्क्रीन तुमच्याआधी शिकतील, त्यांच्याकडून बिनधास्त शिका. चिडलेला भाडेकरू, वेळ न पाळणारा व्हेंडर, काही न बोलता नाराज होणारा साहेब यांच्याशी कसं बोलायचं हे ती तुमच्याकडून शिकतील.

याच वळणावर असलेल्या इतरांसाठी थोडंसं. शिक्षण संपवून थेट येणाऱ्यांनी शक्य झालं तर मोठी, अनेक यंत्रणा असलेली इमारत निवडावी, रुग्णालय, विमानतळ, डेटा सेंटर, मोठं विद्यापीठ. तिथे शिस्त कडक असते आणि पाहायला खूप मिळतं. वायरमन, प्लंबर, एसी टेक्निशियन म्हणून अनेक वर्षं काम केलेल्यांची अडचण तुमच्या उलट आहे : हात तयार, पण ईमेल, अहवाल, बजेट यांची धास्ती. त्यांनी फिरतीत हेल्पडेस्क आणि कंत्राट विभाग मागून घ्यावेत, नाहीतर त्यांना पुन्हा पाना हातात देऊन पंपाकडेच पाठवलं जाईल.

तुमच्या जागी मी असते तर हो म्हणण्याकडे झुकले असते, पण कागद पाहिल्याशिवाय नाही. या आठवड्यात कंपनीला एक छोटा ईमेल लिहा. संधीबद्दल आभार, इच्छा आहे हे स्पष्ट, आणि खाली प्रश्न : फिरतीचं वेळापत्रक, मार्गदर्शकाचं नाव, अभ्यासाचा दिवस आणि रिसेप्शनची मर्यादा करारात येईल का, प्रमाणपत्र कुणाचं, आणि आजवरच्या सेवेचं काय. पंधरा दिवस वाट पाहा, एकदा आठवण करा. लेखी उत्तर हातात येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका, आणि वरिष्ठांनाही तोंडी होकार कळवू नका.